पाठीला माती लागू द्यायची

परदेशात सरावाला गेलेल्यांचा शेवटचा दिवस बहुतेक वेळा बाजारात जातो. आम्ही ज्युडोच्या सरावाला जपानला, तोक्योला गेलो, तेव्हा आमच्या ज्युडोच्या सरांनी कोल्हापुरातून निघायच्या आधीच बजावून ठेवलं होतं : खरेदी काय असेल ती आधी उरका, बॅगा आदल्या रात्री भरा, शेवटचा दिवस सरावाचाच. तो दिवस नीट लिहून ठेवावा असं मनापासून वाटतंय. ज्युडोतली जी गोष्ट मला इतकी वर्षं नुसती माहीत होती ती त्या दिवशी अंगात उतरली, आणि कोल्हापुरात आल्यावर ती थेट तालमीच्या हौद्यात उतरवायची वेळ आली.

मी शाळेत खेळाचा शिक्षक. लहानपण तालमीत गेलं. पहाटे उठून हौदा खणायचा, जोर-बैठका मारायच्या, मग वस्ताद जोड लावून देतील त्याच्याशी लढायचं. कॉलेजात असताना सरांची गाठ पडली आणि मी मातीवरून गादीवर आलो. आमच्याबरोबर तिसरी होती ती आमची एक विद्यार्थिनी, कागलकडची, राज्य स्पर्धा खेळणारी. तिच्या तिकिटासाठी गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरला हे काही नवीन नाही. 1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आमच्या मुलीच्या घरी वर्गणीची वही आली तेव्हा तिच्या आजोबांनी हीच गोष्ट तिला सांगितली होती, आणि तिनं ती विमानात मला सांगितली.

खाशाबांचं नाव तोक्योत आमच्या तोंडी पुन्हा पुन्हा यायचं, त्याला कारण आहे. हेलसिंकीत खाशाबांना कांस्यपदक मिळालं, त्याच वजन गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांनी नेलं. खाशाबा त्यांच्याशी लढले आणि हरले. हे इशी मुळात ज्युडोचे. महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानमध्ये ज्युडोवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडे वळले. म्हणजे आपल्या खाशाबांसमोर त्या दिवशी एक ज्युडोवाला उभा होता. मातीतून गादीवर गेलेला एक, आणि ज्युडोगी, म्हणजे ज्युडोचा पोशाख, उतरवून कुस्तीला आलेला दुसरा. कोल्हापुरात खाशाबांचा फोटो बघत मोठा झालेला माणूस कोडोकानच्या दारात उभा राहतो तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही.

कोडोकान म्हणजे ज्युडोचं मूळ घर. जिगोरो कानो यांनी 1882 साली सुरू केलेलं. आताची इमारत बुनक्यो भागात कासुगा स्टेशनजवळ आहे, आठ मजली. रस्त्यालगत कानोंचा पुतळा आहे. सातव्या मजल्यावरचं मुख्य सभागृह 420 तातामींचं, म्हणजे जपानी चटयांच्या मापाचं. आठव्या मजल्यावर बसून खाली चाललेला सराव बघता येतो, दुसऱ्या मजल्यावर संग्रहालय आहे. राहायची सोय त्याच इमारतीत आहे. झोपायचं, उठायचं, लिफ्टनं वर जायचं आणि सराव करायचा. आपल्याकडे तालमीतच राहणाऱ्या पोरांना ही रीत लगेच कळेल. पथारी आणि हौदा एकाच छपराखाली असला की दिवसभर दुसरा विषयच डोक्यात येत नाही.

सराव संध्याकाळी होता, त्यामुळे शेवटच्या दिवशी सकाळ मोकळी होती. सर म्हणाले, एइशोजीला जाऊन येऊ. कासुगाहून ओएदो मार्गाची गाडी धरली, उएनो-ओकाचिमाचीला उतरलो आणि पुढे चालत गेलो. एइशोजी हे एक साधं बौद्ध मंदिर, वस्तीच्या आत. मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. ज्युडोची सुरुवात इथली, असं सांगणारा दगड तिथे आहे. कानोंनी इथे सुरुवात केली तेव्हा बारा तातामींची जागा होती आणि नऊ विद्यार्थी. एक तातामी साधारण तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब धरली तर बारा तातामी म्हणजे जेमतेम पंधरा फुटांची चौरस खोली. आमच्या तालमीचा हौदासुद्धा त्याहून मोठा आहे. सांगतात की त्या पोरांच्या आदळआपटीनं देवघरातल्या पितरांच्या पाट्या खाली पडायच्या, जमिनीखालच्या लाकडी तुळया मोडायच्या, आणि रात्री कानो स्वतः दिवा घेऊन खाली शिरून त्या दुरुस्त करायचे. तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते.

आमची मुलगी त्या दगडासमोर बराच वेळ उभी होती. मग तिनं विचारलं, "सर, आपला वर्ग पण शाळेच्या सभागृहात बाकं सरकवून भरतो ना?" सरांनी नुसती मान हलवली. मला वाटतं तिला जे दिसायला हवं होतं ते दिसलं होतं. 420 तातामींचं सभागृह बघून छाती दडपते. बारा तातामींची जागा बघितली की हात शिवशिवतात.

कानोंबद्दल मला आदर आहे तो खेळाडू म्हणून आहेच, त्याहून जास्त शिक्षक म्हणून आहे. ते शिक्षकच होते, शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचे अनेक वर्षं प्रमुख होते. 1909 मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेले, आशियातले पहिले. 1938 मध्ये समितीच्या बैठकीहून परतताना हिकावा मारू या जहाजावर त्यांचं निधन झालं. ते जहाज आजही योकोहामाच्या किनाऱ्यावर उभं आहे. आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार बघितलं आणि पुढे कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. दोघंही एकाच काळातले. एकानं ताकदीच्या खेळाला शाळेच्या वर्गात नेलं, दुसऱ्यानं त्याला हजारो लोकांसमोर मानाची जागा दिली. मला हे दोघं एकमेकांना भेटायला हवे होते असं फार वाटतं.

दुपारी खोली झाडून पुसून घेतली, चादरी घड्या करून परत केल्या. एक ज्युडोगी आधीच धुऊन वाळवली होती. ओली ज्युडोगी बॅगेत टाकायची नाही, ती वजनानं दुप्पट होते आणि प्रवासात वास मारते. दुसरी अंगात घालून सातव्या मजल्यावर गेलो.

संध्याकाळचा सराव कसा चालतो ते सांगतो. दारात वाकून नमस्कार, मग आत. अंग मोकळं करायचं, मग उकेमी म्हणजे पडण्याचा सराव. त्यानंतर उचिकोमी. यात डाव शेवटापर्यंत नेऊन पाडायचं नसतं, जोडीदाराला फक्त तोल जाण्याच्या टोकापर्यंत आणायचं, पुन्हा जागेवर, पुन्हा आत शिरायचं. मग रांदोरी, मोकळी लढत. रांदोरीत कुणी जोड लावून देत नाही. आपणच कुणासमोर तरी जायचं, वाकायचं, "ओनेगाइशिमास" म्हणायचं. समोरचा हो म्हणतो. वेळ झाली की परत वाकायचं, आभार मानायचे, पुढचा जोडीदार शोधायचा. पहिल्या दिवसांत मला ही विचारायला जायची गोष्टच अवघड गेली होती. तालमीत वस्ताद बोट दाखवतात आणि आपण उतरतो. इथे विद्यापीठातली धिप्पाड पोरं, परदेशातून आलेली माणसं, पांढऱ्या केसांचे म्हातारे, सगळे एकाच गादीवर, आणि कुणापुढे जायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

त्या संध्याकाळी मी ज्यांच्यापुढे गेलो ते सत्तरीच्या पुढचे असावेत. काळा पट्टा कडांनी झिजून आतलं पांढरं सूत दिसायला लागलेला. इतक्या दिवसांत त्यांना मी रोज बघत होतो, पण वयाकडे बघून कधी विचारलं नव्हतं. शेवटचा दिवस म्हणून गेलो. त्यांनी वाकून होकार दिला आणि आम्ही पकड घेतली.

पहिल्या क्षणालाच त्यांनी मला थांबवलं. माझा उजवा हात त्यांच्या कॉलरवर होता, मानेजवळ. त्यांनी माझं मनगट धरून हात खाली आणला, गळ्याच्या हाडापाशी. मग माझी बोटं एकेक करून उघडली. अंगठा आणि तर्जनी सैल केली. करंगळी आणि अनामिका कापडात घट्ट रुतवली. माझ्या करंगळीवर दोनदा टिचकी मारली. तेवढ्यानं सगळा हात बदलला. अंगठ्यानं आवळून धरलं की दंड आणि खांदा ताठ होतो, कोपर बाहेर जातं आणि समोरच्याला तुमची हालचाल आधी कळते. करंगळीनं धरलं की कोपर आपोआप खाली येतं, खांदा मोकळा राहतो. सरांनी हे मला कोल्हापुरात कितीतरी वेळा सांगितलेलं. पण उघड्या अंगावर, तेल-मातीनं निसरड्या मनगटावर पकड घेत वाढलेला हात सांगून ऐकत नाही. त्याला कुणीतरी असं बोट धरून शिकवावं लागतं.

मग त्यांनी खूण केली, टाक. मी उचिमाता घातला. आपल्याकडच्या आतल्या टांगेच्या जवळ जाणारा डाव आहे, पाय समोरच्याच्या दोन मांड्यांमध्ये घालून वर उचलायचा. डाव बरोबर बसला, ते हवेत आले, आणि मी अर्ध्यातच हात सैल सोडला. एवढ्या वयाच्या माणसाला आपटायचं म्हणजे माझ्या अंगात भरलेल्या सगळ्या संस्कारांच्या विरुद्ध. आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, त्यांना पाडत नाही. ते वेडेवाकडे खाली आले, पण सावरून पडले. उठले, आणि चेहरा गंभीर करून माझी डावी मूठ परत त्यांच्या बाहीवर ठेवली. ती बाही वर ओढून दाखवली. अर्धवट सोडलेला डाव सगळ्यात धोक्याचा, हे त्यांनी एकही शब्द न बोलता सांगितलं. टाकणाऱ्यानं डाव पुरा करायचा आणि बाही शेवटपर्यंत धरून वर खेचायची. म्हणजे पडणाऱ्याचं अंग फिरून सपाट येतं, डोकं गादीला लागत नाही, मोकळा हात गादीवर मारता येतो. बाही सोडली की तो माणूस कुठे आणि कसा पडेल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

"मोऊ इप्पोन," ते म्हणाले. आणखी एकदा.

आता मी डाव पुरा केला. त्यांचा हात गादीवर बसला तो आवाज सभागृहभर गेला. मी बाही धरून उभा होतो. ते खालून माझ्याकडे बघून हसले, उठले, वाकले आणि परत पकड दिली. पुन्हा. पाय थोडा आत हवा होता, त्यांनी माझ्या टाचेला पायानं ढकलून दाखवलं. पुन्हा. ते पडत राहिले, उठत राहिले, मी टाकत राहिलो, आणि दर खेपेला डाव आधीपेक्षा नीट बसत गेला. ते दमले नव्हते असं नाही, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. पण पडण्यात त्यांना काहीही कमीपणा वाटत नव्हता. ते मला काहीतरी देत होते आणि ते मी पुरतं घ्यावं एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मातीतल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. आमच्याकडे पाठीला माती लागली की कुस्ती गेली. चीतपट म्हणजे निकाल, मग मैदानात हजारो लोक असोत नाहीतर पहाटेच्या तालमीत चारच पोरं. त्यामुळे लहान पोरसुद्धा पडायला लागलं की हवेतच पालथं व्हायला बघतं, आणि ते जमलं नाही तर हात टेकतं. स्पर्धेत हे बरोबरच आहे, त्याशिवाय कुस्ती वाचत नाही. पण सगळ्या अंगाचा भार टेकलेल्या एका हातावर येतो. यात्रेच्या मैदानात अशी कोपरं निखळलेली, गळ्याचं हाड मोडलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यातली काही परत मातीत उतरली नाहीत. डाव शिकताना रोजच्या रोज पाठ वाचवायची, तर समोरच्याला डाव पुरा करायला मिळणारच कधी? दोघंही अर्धवट शिकतात.

नंतर त्यांची पाळी. त्यांनी मला ओसोतो गारीनं टाकलं. पाय मागून गेला, माझी हनुवटी आपोआप छातीला लागली, हात गादीवर बसला, आणि माझी उजवी बाही त्यांच्या मुठीत घट्ट होती. पाठ पूर्ण टेकली. त्या क्षणी अंगात कुठेही विरोध उठला नाही. तालमीतून आल्यापासून, ज्युडोत इतकी वर्षं काढूनही, माझ्या पाठीत एक ताठरपणा शिल्लक होता. तो त्या संध्याकाळी गेला. मी खाली पडलेला असताना मला इतकं हलकं वाटलं की उठायला मी एक क्षण जास्त घेतला. त्यांनी हात देऊन उठवलं.

आमची मुलगी पलीकडे विद्यापीठातल्या मुलींबरोबर होती. तिचं वजन कमी, त्या मुली भराभर टाकत होत्या. पण तिचा डाव्या बाजूचा सेओई नागे, म्हणजे खांद्यावरून टाकायचा डाव, एकदा असा काही बसला की टाकली गेलेली मुलगीच आनंदानं ओरडली आणि बाकीच्यांना बोलावून तिला परत करायला लावला. त्यानंतर त्या तिला सोडेचनात.

सराव संपत आला तेव्हा आम्हाला शिकवणारे सेन्सेई सरांपाशी आले. त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी यायचं. तुमच्याकडचा एखादा डाव दाखवून जा, असं त्यांचं म्हणणं. सरांनी मला पुढे केलं. मी कलाजंग दाखवली. समोरच्याचा दंड ओढून त्याच्या काखेखाली शिरायचं, दुसरा हात त्याच्या मांडीत घालायचा, खांद्यावर उचलून पलीकडे टाकायचं. सगळे बघत होते आणि दोन-तीन जणांच्या तोंडून एकदमच निघालं, काता गुरुमा. तोच डाव. ज्युडोत या डावाचीही एक गोष्ट सांगतात. तरुण कानोंना एक भारी जोडीदार काही केल्या पडत नव्हता. त्यांनी त्याच्यासाठी वाचनालयं पालथी घातली आणि परदेशी कुस्तीवरच्या एका पुस्तकात त्यांना हा डाव सापडला. त्यांनी त्याला पाडलंच. म्हणजे कुस्तीतून ज्युडोत गेलेला डाव आम्ही कुस्तीतून परत ज्युडोवाल्यांना दाखवत होतो.

सेन्सेईंनी मग त्यातली अडचण दाखवली. स्पर्धेच्या नियमांत 2010 मध्ये पायाला थेट हात घालण्यावर निर्बंध आले आणि 2013 पासून उभ्यानं पाय धरायची पूर्ण मनाई झाली. एकेरी पट, दुहेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक किंवा दोन्ही पाय धरून ओढणं, ही कोल्हापूरच्या पोराच्या हाताची पहिली धाव, आणि तीच ज्युडोच्या स्पर्धेत चालत नाही. मातीतून येणाऱ्या आमच्या पोरांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. सेन्सेईंनी मांडीतला हात काढून घेतला, बाही दोन्ही हातांनी धरली, गुडघ्यावर खाली बसले आणि तोच डाव नुसत्या बाहीच्या ओढीवर करून दाखवला. मी ताबडतोब दोनदा करून बघितला. सरांनी भ्रमणध्वनीवर चित्रण करून घेतलं. कोल्हापुरात आल्यावर पट काढणाऱ्या पोरांना मी आता सगळ्यात आधी हाच शिकवतो, कारण त्यांचं शरीर खाली शिरायला तयार असतंच. फक्त हाताला दुसरं काम द्यायचं.

शेवटी सगळे रांगेत गुडघ्यावर बसलो. शोमेनला, म्हणजे सभागृहाच्या समोरच्या मानाच्या बाजूला नमस्कार, मग शिक्षकांना, मग एकमेकांना. आपली तालीम सोडताना माती कपाळाला लावतो, तसं कपाळाला लावण्याजोगं इथे काही नव्हतं. मी वाकलो तेव्हा तळवे गादीवर सपाट टेकले आणि थोडे जास्त वेळ तिथेच ठेवले.

भेट काय द्यायची यावर कोल्हापुरातच चर्चा झाली होती. माझ्या मनात हौद्यातली चिमूटभर माती होती. पण जपानमध्ये बाहेरची माती नेता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. मग फेटे घेतले. खाली पुतळ्यासमोर सरांनी सेन्सेईंना फेटा बांधला. आमची मुलगी शेमला धरून उभी. कपड्याची पिळी घालून एकेक वेढा चढत होता तसे सेन्सेई डोळे मिटून ताठ उभे होते, ज्युडोगी नीट करून घ्यावी तसे. मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांना बांधला. त्यांनी आरशात बघायला मागितलं, भ्रमणध्वनीवर दाखवलं. ते फेट्यासकट घरी गेले. स्टेशनच्या जिन्यापर्यंत तो गुलाबी फेटा आम्हाला दिसत होता.

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. मुंबईला उतरलो, संध्याकाळी महालक्ष्मी एक्सप्रेस धरली, सकाळी कोल्हापूर. स्टेशनवर मुलीच्या गावची माणसं हार घेऊन आली होती आणि तिला उचलून घेऊन गेली.

मी घरी आंघोळ करून तालमीत गेलो. वस्तादांना भेटल्याशिवाय परगावाहून आल्यासारखं होत नाही. ते हौद्याच्या कट्ट्यावर बसलेले. पाया पडलो. त्यांनी सगळं विचारून घेतलं, काय खाल्लंस, किती लढलास, गादी कसली. मग मी त्यांना म्हाताऱ्यांची आणि पडण्याची गोष्ट सांगितली. ते गप्प बसून ऐकत होते.

"म्हंजी पडायला शिकायला एवढ्या लांब गेलतास?" त्यांनी विचारलं. चेष्टेनं नाही, खरंच विचारलं.

"व्हय वस्ताद."

"मैदानात पाठीला माती लागली की कुस्ती गेली. हे पोरांच्या डोक्यातनं जाता कामा नये."

"मैदानात न्हाई. शिकताना."

त्यांनी बराच विचार केला. मग बारक्या पोरांतलं एक पुढे बोलावलं आणि मला म्हणाले, "दाखीव."

हौदा नुकताच खणलेला होता. ताक, हळद, तेल घालून मळलेली तांबडी माती, घोट्यापर्यंत पाय रुतेल इतकी भुसभुशीत. मी लंगोटावर उतरलो. आधी उकिडवा बसून मागे पडून दाखवलं. हनुवटी छातीला, दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली, पाठ टेकायच्या क्षणाला हात मातीवर. मग पोराला करायला लावलं. इथे बाही नाही, त्यामुळे टाकणाऱ्यानं पडणाऱ्याचा दंड शेवटपर्यंत धरून वर ओढून ठेवायचा, एवढा बदल मी मनाशी ठरवूनच आलो होतो.

आणि तिथे एक गोष्ट झाली जी कोडोकानच्या गादीवर कधीच झाली नसती. पोरगं उठलं आणि मातीत त्याच्या पडण्याचा सगळा ठसा राहिला. पाठीचा खळगा, त्याच्या दोन्ही अंगांना हाताचे पंजे. डाव्या बाजूला पंजा सपाट आणि स्वच्छ उमटलेला. उजव्या बाजूला पंजाच्या आधी एक खोल खड्डा. मी काही म्हणायच्या आत वस्ताद कट्ट्यावरून उठले, हौद्याच्या काठाशी आले आणि काठीनं त्या खड्ड्याकडे बोट केलं.

"ह्याचं कोपर आधी लागलंय."

बरोबर होतं. गादीवर हे ओळखायला पडतानाच बघावं लागतं, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं होऊन जातं. माती लिहून ठेवते. पोराला त्याच्याच ठशापाशी उभं केलं, त्यालाही दिसलं. फावड्यानं माती सारखी केली, परत पडायला लावलं. या खेपेला दोन्ही पंजे सपाट आले, पण हात फार वर, खांद्याच्या रेषेत गेलेले. वस्तादांनीच सांगितलं, "खाली घे, बगलेजवळ." त्यांना मी कोन वगैरे काही सांगितलं नव्हतं. ठसा बघून ते आपोआप बोलत होते. आयुष्यभर मातीत पोरांच्या पायाचे ठसे बघून कुणाचा तोल पुढे आहे, कोण टाचेवर लढतोय हे ओळखणारा तो माणूस.

एकामागून एक सगळी बारकी पोरं उतरली. सकाळ कधी गेली कळलं नाही. मोठे पैलवान कडेला उभे राहून बघत होते, त्यातला एक म्हणाला, मलाही टाक. त्याला मी कलाजंगेवर घेतला आणि दंड सोडला नाही. तो पाठीवर सपाट आला, हात मारला, उठला आणि स्वतःच वळून खाली बघायला लागला.

आता ठरलंय असं : नवीन पोरगं तालमीत आलं की डाव शिकायच्या आधी पडायला शिकणार, आणि ते बघायला वस्ताद स्वतः काठावर बसणार. मोठ्या पैलवानांसाठी ते अजून तयार नाहीत. यात्रांचा हंगाम तोंडावर आहे, आत्ता त्यांच्या अंगाला पाठ टेकायची सवय नको, असं त्यांचं मत आहे आणि ते मला पटतं. हंगाम संपला की बोलू म्हणालेत. शाळेतल्या ज्युडोच्या पोरांना मात्र मी आठवड्यातून एकदा तालमीत घेऊन जातो, नुसतं मातीत पडायला. मागच्या वेळी कागलची मुलगीही आली होती. तिचा उजवा पंजा मातीत इतका नीट उमटला की वस्तादांनी फावडं मारू दिलं नाही. बाकीच्या पोरांना रांगेनं बोलावून तो आधी दाखवला.